अँटिव्हायरसची नवी आवृत्ती: आज टाकायची, थांबायचं, की नकोच?

दर काही वर्षांनी अँटिव्हायरस कात टाकतो. हिरवं बटण निळं होतं, डावीकडचे मेनू वर जातात, ‘फुल स्कॅन’ कुठे गेलं ते शोधत बसावं लागतं. घड्याळाशेजारच्या चिन्हातून रोज एक चौकट डोकं वर काढते: अपग्रेड करा. तिच्या रंगरूपावरून काहीच ठरवता येत नाही. विचारायचे प्रश्न दोन. तुमच्या आताच्या आवृत्तीला व्हायरस डेटाबेस, म्हणजे ओळखीच्या व्हायरसची ताजी यादी, कधीपर्यंत मिळणार? आणि नव्या आवृत्तीत आतलं इंजिन (फाइली तपासणारा भाग) आणि ड्रायव्हर बदललेत का?

त्याआधी एक मिनिट काढून निरोप खरा आहे का ते बघा. ‘अँटिव्हायरस संपला, लगेच रिन्यू करा’ म्हणणाऱ्या बऱ्याच चौकटी ब्राउझरच्या असतात. कधीतरी एखाद्या साइटवर ‘अलाऊ’ दाबलं गेलेलं असतं, तिथून त्या येतात. अशा चौकटीत बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि साइटचा पत्ता दिसतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन तो पत्ता काढून टाका. निरोप खरा वाटला तरी त्यावर क्लिक करू नका. अँटिव्हायरस स्वतः उघडा आणि ‘अबाउट’मध्ये आवृत्ती क्रमांक, लायसन्सची शेवटची तारीख आणि डेटाबेसची तारीख बघा. फोन करून एनीडेस्क (दुरून तुमचं मशीन चालवू देणारा प्रोग्राम) टाकायला सांगणारा माणूस कुठल्याच कंपनीचा नसतो. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा.

आधी काय तपासायचं

डेटाबेस दिवसातून अनेकदा येतो, तो अडवायचा नसतो. आवृत्ती बदलते तेव्हा मात्र विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसलेले ड्रायव्हर बदलतात. तिथे काही बिघडलं की नुसता प्रोग्राम बंद पडत नाही, अख्खं मशीन निळ्या पडद्यावर जातं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल गेली आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती तर आवृत्तीही नव्हती, नेहमीच्या अपडेटसारखी आलेली फाइल होती. ऑफिसच्या मशीनवर आवृत्ती बदलताना घाई करू नये ती याचसाठी.

कंपनीच्या साइटवर ‘एंड ऑफ लाइफ’ किंवा ‘एंड ऑफ सपोर्ट’चं पान असतं. तिथे तुमच्या आवृत्तीसमोर तारीख पडली असेल आणि ती जवळ आली असेल, तर अपग्रेड करायचंच. तारीख नसेल तर हातात वेळ आहे.

दुसरी तपासणी विंडोज सिक्युरिटीमध्ये. डिव्हाइस सिक्युरिटी उघडा, कोअर आयसोलेशनमध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ बघा. ती बंद असेल आणि न जुळणाऱ्या ड्रायव्हरच्या यादीत तुमच्याच अँटिव्हायरसचा ड्रायव्हर दिसत असेल, तर जुनी आवृत्ती विंडोजचं एक चांगलं कवच अडवून बसली आहे. हे अपग्रेडचं पक्कं कारण.

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मोफत सुरक्षा अपडेट बंद झाले. घरगुती ग्राहकांसाठी ठेवलेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. अँटिव्हायरस कितीही नवा असला तरी विंडोजमधली भोकं तो बुजवत नाही. दुकानात अजून विंडोज ७ चालत असेल, तर बहुतेक नव्या आवृत्त्या त्यावर बसतच नाहीत. ते मशीन बिलं छापायला ठेवा आणि बँकेचं काम दुसरीकडे न्या.

चाचणीचे आकडे नीट वाचा

जर्मनीतली एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि ‘युजेबिलिटी’ अशा तीन बाबींना प्रत्येकी ६, म्हणजे एकूण १८ पैकी गुण देते. इथे युजेबिलिटीचा नव्या चेहऱ्यामोहऱ्याशी काही संबंध नाही. निर्दोष फाइल किंवा साइटला चुकून व्हायरस ठरवलं का, ते त्यात मोजतात. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्हजची वेगाची चाचणी आपल्या जास्त कामाची, कारण फाइल कॉपी करणं, झिप करणं, प्रोग्राम उघडणं, साइट उघडणं अशी रोजची कामं ते कमी ताकदीच्या मशीनवर करून बघतात.

अहवालात कुठली आवृत्ती तपासली तो क्रमांक शोधा. नवा साज आल्यावर कंपनी जाहिरातीत जुन्याच आवृत्तीला मिळालेला बिल्ला लावते. नव्या क्रमांकाचा अहवाल यायला दोन-तीन महिने लागतात. घाईचं कारण नसेल तर तेवढं थांबणं शहाणपणाचं, आणि तोवर पहिल्या एक-दोन दुरुस्त्याही येऊन गेलेल्या असतात.

‘रिलीज नोट्स’मध्ये नवीन काय आलं ते सगळेच वाचतात. काढून काय टाकलं ते शोधा. फाइल व्हॉल्ट, पॅरेंटल कंट्रोल, आउटलुकचं स्पॅम प्लगइन, बॅकअप, पासवर्ड मॅनेजर यांवर अशा वेळी हमखास कात्री चालते, किंवा ती महागड्या प्लॅनमध्ये सरकतात. यातला फाइल व्हॉल्ट सगळ्यात धोक्याचा. त्यात कुलूपबंद ठेवलेल्या फाइली त्याच प्रोग्रामने उघडतात. नव्या आवृत्तीत व्हॉल्टच नसेल, तर आधार आणि पॅनचे स्कॅन, करारनामे वगैरे सगळं आत अडकतं आणि पासवर्ड माहीत असूनही उपयोग होत नाही. अपग्रेडआधी व्हॉल्ट उघडून फाइली बाहेर काढा, दोन-चार फाइली प्रत्यक्ष उघडून बघा, मगच पुढे जा.

कधी कधी अपग्रेडच्या नावाखाली प्रोग्रामच दुसरा येतो. अमेरिकेत बंदी आल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या कॅस्परस्कीच्या ग्राहकांच्या मशीनवर अल्ट्राएव्ही नावाचा वेगळाच अँटिव्हायरस आपोआप बसला. असा बदल असेल तर त्याला नवीन खरेदी समजूनच पारखा.

दिवस कुठला निवडायचा

कर सल्लागार, हिशेबनीस, सेवा केंद्रवाले यांनी ११ आणि २० तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३-बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या दिवसांत, याला हात लावू नये. मार्चअखेर आणि जुलैअखेर तर नाहीच. शनिवारी दुपारी करा, म्हणजे निस्तरायला रविवार मिळतो. पाच मशीन असतील तर आधी सगळ्यात कमी महत्त्वाच्या मशीनवर टाका, आठवडाभर बघा, मग बाकीच्यांवर.

आदल्या दिवशीची कामं:

- लायसन्स की आणि नोंदणीचा ईमेल वहीत लिहून ठेवा. डब्यातून घेतलेल्या लायसन्सची मुदत बहुधा अ‍ॅक्टिव्हेशनच्या दिवसापासून मोजतात. मुदत चालू असेपर्यंत नवी आवृत्ती बहुतेक कंपन्या फुकट देतात, त्यामुळे ‘अपग्रेड’च्या बटणाने पैसे मागितले तर तो वेगळा प्लॅन आहे का ते बघा.
- एक्सक्लूजनची (स्कॅनमधून वगळलेल्या गोष्टींची) यादी, फायरवॉलचे नियम आणि क्वारंटाइनची (संशयावरून बाजूला ठेवलेल्या फाइलींची) यादी यांचे फोटो काढा. क्वारंटाइनमध्ये कामाची फाइल चुकून अडकली असेल तर आत्ताच परत आणा. जुना प्रोग्राम काढताना ती बहुधा पुसली जाते.
- टॅलीप्राइममध्ये आल्ट-वाय दाबून डेटा, मग बॅकअप. पेन ड्राइव्हवर घ्या आणि ड्राइव्ह काढून ठेवा.
- बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला विंडोजचं कुलूप) चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा. सेफ मोडला (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर चालू करण्याच्या पद्धतीला) जाताना ती मागितली आणि जवळ नसली, तर सगळं तिथेच अडतं.
- नव्या आवृत्तीचा पूर्ण, ऑफलाइन इन्स्टॉलर कंपनीच्याच साइटवरून उतरवा. जुन्याचा इन्स्टॉलर आणि कंपनीचं रिमूव्हल टूलही जवळ ठेवा.

आताच्या वेगाचे तीन आकडेही टिपून ठेवा, नाहीतर नंतर ‘स्लो झालंय’ ही नुसती भावना उरते. मशीन रीस्टार्ट करा. इव्हेंट व्ह्यूअर उघडून अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल इथे जा. १०० क्रमांकाच्या नोंदीत ‘बूट ड्युरेशन’ मिलिसेकंदांत मिळतो. ६२,००० म्हणजे ६२ सेकंद. दुसरा आकडा टास्क मॅनेजरमधली रिकाम्या मशीनची मेमरी. तिसरा, तुमची सगळ्यात जड एक्सेल फाइल किंवा टॅलीची कंपनी उघडायला लागणारा वेळ.

प्रत्यक्ष बदल

साज बदलला पण इंजिन तेच असेल, तर जुन्यावरच नवीन टाकलं तरी चालतं. इंजिन बदललं असेल किंवा मधल्या दोन-तीन आवृत्त्या सुटल्या असतील, तर स्वच्छ काढून टाका: सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड अ‍ॅप्समधून अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, कंपनीचं रिमूव्हल टूल, पुन्हा रीस्टार्ट. काही टूल सेफ मोडमध्येच नीट काम करतात. तिथे जायला शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४. जुना अँटिव्हायरस गेला की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागा होतो, त्यामुळे मधल्या वेळात मशीन उघडं पडत नाही. तरी विंडोज सिक्युरिटीत खात्री करा. मग नवीन टाका, रीस्टार्ट करा, डेटाबेस अपडेट करा, पुन्हा रीस्टार्ट. चौथ्या रीस्टार्टचा कंटाळा करणाऱ्यांच्याच मशीनवर अर्धवट ड्रायव्हर राहतात.

दोन अँटिव्हायरस एकत्र कधीच नकोत. दोघेही एकच फाइल उघडताना एकमेकांना अडवतात आणि मशीन हँग होतं.

संरक्षण चालू आहे का हे बघायला आयकारची चाचणी फाइल उतरवा. ती ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ आहे, पण प्रत्येक अँटिव्हायरसने ती अडवायची असा संकेत आहे. ती निमूट उतरली तर रिअल-टाइम स्कॅन झोपलेलं आहे.

नंतर हमखास काय बिघडतं

शेजारच्या टेबलावरून प्रिंट जात नाही किंवा दुसऱ्या मशीनवर टॅलीची कंपनी दिसत नाही: नव्या फायरवॉलने ऑफिसचं नेटवर्क ‘पब्लिक’ धरलंय. ते ‘प्रायव्हेट’ किंवा ‘ट्रस्टेड’ करा आणि टॅलीच्या गेटवे सर्व्हरला परवानगी द्या.

डिजिटल सहीचा टोकन दिसतो पण जीएसटी पोर्टलवर सही होत नाही: सही करणारा एमसाइनर तुमच्याच मशीनवर छोटा सर्व्हर चालवतो आणि ब्राउझर त्याच्याशी सुरक्षित जोडणीने बोलतो. अँटिव्हायरसचं एचटीटीपीएस स्कॅनिंग (अशा सुरक्षित जोडण्या उघडून तपासणं) मध्ये पडलं की ही जोडणी तुटते. सगळं वेब संरक्षण बंद करून ठेवू नका, तेवढ्या प्रोग्रामला अपवाद द्या.

टॅली रेंगाळतंय: जुने एक्सक्लूजन नव्या आवृत्तीत आलेले नसतात. टॅलीचा प्रोग्राम आणि डेटाचं फोल्डर, एवढंच यादीत घाला. अनेक ठिकाणी अख्खा डी ड्राइव्ह वगळून ठेवलेला सापडतो. अशा मशीनवर अँटिव्हायरसचे पैसे भरण्यात अर्थ नाही.

पहिले दोन-तीन दिवस मशीन जड वाटेल, कारण नवीन इंजिन प्रत्येक फाइल पहिल्यांदाच बघत असतं. पूर्ण स्कॅन रात्री लावून टाका आणि चौथ्या दिवशी तेच तीन आकडे पुन्हा मोजा. दहा-पंधरा टक्के फरक सोडून द्या. बूटचा वेळ दीडपट झाला असेल तर आधी वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ इन्स्टॉल करून बघा.

एवढं करूनही जमलं नाही तर जुनी आवृत्ती परत टाकता येते, पण तिची सपोर्टची तारीख आधी बघा. सिस्टम रिस्टोअरच्या भरवशावर राहू नका. अँटिव्हायरसचं ‘सेल्फ प्रोटेक्शन’ चालू असेल तर ते मध्येच फसतं.

घरचं मशीन, अद्ययावत विंडोज ११, बँकिंग आणि मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर तिसरा पर्यायही आहे: मुदत संपल्यावर रिन्यूच करायचं नाही आणि डिफेंडरवर राहायचं. तो फुकट आहे आणि एव्ही-टेस्टमध्ये चांगले गुण मिळवतो. त्यात रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) अडवणारा ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ मुळात बंद असतो, तो हाताने चालू करावा लागतो. असं ठरलं तर प्रोग्राम काढण्याआधी कंपनीच्या खात्यात जाऊन ऑटो-रिन्यूअल बंद करा. कार्डावरून पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो, तोही वाचत चला. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला म्हणून वर्गणी थांबत नाही.