‘आपल्याकडे असंच करतात’ याच्या पुढे कसं जावं

पानठेल्यावर कुणी नवीन गोष्ट सांगितली की गावात दोनच उत्तरं तयार असतात. एक, “आपल्या जमिनीत नाही चालत जी ते.” दुसरं, “मंग सगळ्याच वावरात करून टाकू.” पहिल्या उत्तरानं माणूस जिथल्या तिथे राहतो, दुसऱ्यानं कर्जात जातो. मधली वाट अशी की ऐकायचं, विचारायचं, थोड्यावर करून पाहायचं आणि मग ठरवायचं. मोकळं मन मी यालाच म्हणतो, आणि ते सवयीनं कुणालाही जमतं. खाली कास्तकारीची उदाहरणं जास्त आहेत, कारण विदर्भातल्या खेड्यात बहुतेक घरं तिच्यावरच चालतात. पण दुकानदार, शिक्षक किंवा आशाताई असाल तरी पायऱ्या याच.

पायरी १ : हो-नाही म्हणायच्या आधी कारण विचारा

‘फरदड घेऊ नका’, म्हणजे हंगाम संपल्यावर कपाशी उभी ठेवून आणखी वेचा घेऊ नका, हे दरवर्षी कानावर येतं. नुसतं ऐकलं तर तो कुणाचा तरी हुकूम वाटतो. मग झाडावर चार बोंडं उरलेली दिसली की हात आवरत नाही. कारण विचारलं की गोष्ट उलगडते. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते. हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी राहिली, तर अळीला खायला मिळत राहतं आणि पुढच्या पेरणीपर्यंत तिची साखळी तुटत नाही. २०१७ च्या हंगामात या अळीनं कपाशीची किती नासाडी केली ते विदर्भातल्या कास्तकाराला वेगळं सांगायला नको. कारण माहीत असलं की निर्णय तुमचा स्वतःचा होतो, आणि शेजाऱ्यालाही तो समजावता येतो.

नवीन काही ऐकलं की हे विचारा : जमीन भारी होती की हलकी? ओलीत होतं की कोरडवाहू? त्यासोबत आणखी काय टाकलं होतं? सांगणारा तीच वस्तू विकत असेल तर एक प्रश्न जास्तीचा विचारा : ही वस्तू वापरलेलं आणि न वापरलेलं, अशी दोन वावरं शेजारीशेजारी कुठं पाहायला मिळतील? आवाज साधा ठेवा. समोरच्याला अडवण्यासाठी विचारलेला प्रश्न त्याला लगेच कळतो, आणि मग तो खरं सांगत नाही.

पायरी २ : धुऱ्यावरून (बांधावरून) नको, तासांत (पिकाच्या ओळींत) जाऊन पाहा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले, थोड्याशा जमिनीचे धनी. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या आणि वर्षानुवर्षं निवड करत गेले. त्यातून एचएमटी हे बारीक तांदळाचं वाण आलं. त्या काळच्या नावाजलेल्या घड्याळावरून पडलेलं हे नाव आज दूरदूरच्या बाजारात ओळखीचं आहे. प्रयोगशाळा नव्हती, पदवी नव्हती. वेगळं दिसलेलं सोडून द्यायचं नाही, एवढा एक नेम होता. मला यातलं सर्वांत मोठं काम त्या पहिल्या दिवसाचं वाटतं. तसल्या लोंब्या किती जणांच्या विळ्याखाली गेल्या असतील!

म्हणून आठवड्यातून एकदा तरी काहीही काम हातात न घेता वावरात फिरा. कपाशी फुलावर आली की डोमकळी शोधा. पाकळ्या गुलाबासारख्या मिटलेलं फूल दिसलं तर ते उघडून पाहा, आत अळी असू शकते. नंतर एकरी २० हिरवी बोंडं वेगवेगळ्या झाडांवरून तोडून फोडा. दोनांत अळी सापडली म्हणजे नुकसान १० टक्क्यांवर गेलं, आता उपाय करायची वेळ झाली. शेजाऱ्यानं फवारलं म्हणून आपणही फवारायचं, यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं.

पायरी ३ : प्रश्नांची वही ठेवा

हिशेबाची वही बहुतेक घरांत असते. तिचीच मागची पानं वापरा. ‘खालच्या अंगाला सोयाबीन पिवळं का?’ एवढं लिहिलं तरी पुरे, पण तारीख टाका. किराणा दुकान असेल तर गिऱ्हाइकानं मागितलेली पण आपल्याकडे नसलेली प्रत्येक वस्तू लिहा. महिन्याभरात पुढचा माल काय भरायचा ते वहीच सांगेल. आशाताईंनी बोलावूनही न आलेल्या बाईचं कारण तिच्याच शब्दांत लिहून ठेवावं.

पायरी ४ : चार तासांवर करून पाहा

कोरडवाहू माणसाला ‘धाडस करा’ असं सांगणं मला पटत नाही. एक हंगाम फसला की घरातलं लग्न पुढे जातं, पोराचं शिक्षण अडतं. म्हणून प्रयोग एवढाच करा की पूर्ण वाया गेला तरी घराला झळ लागू नये. चार तास, म्हणजे पिकाच्या चार ओळी, पुरतात. बाजूचे चार तास नेहमीच्या पद्धतीनं ठेवा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. बियाणंही नवं, खतही नवं आणि पेरणीही रुंद वरंब्यावर केली, तर पीक चांगलं येऊनही शिकायला काही मिळत नाही.

सुरुवात पैसे न लागणाऱ्या प्रयोगानं करा. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरणार असाल तर मिरगाआधी त्यातले न निवडता १०० दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर ओळीनं ठेवा, गुंडाळा, सावलीत ठेवून ओल टिकवा आणि आठवड्यानं चांगले कोंब आलेले दाणे मोजा. ७० किंवा जास्त निघाले तर शिफारशीइतकं बियाणं पेरा, थोडे कमी निघाले तर त्या प्रमाणात वाढवा. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. पोती आदळली, मळणी यंत्र जोरात चाललं की दाणा आतून दुखावतो, वरून मात्र छान दिसतो. म्हणून ‘दाणे टपोरे आहेत’ यावर समाधान मानू नका.

पायरी ५ : ज्यांना कुणी विचारत नाही त्यांना विचारा

वावरातलं प्रत्येक झाड जवळून कोण पाहतं? निंदणाऱ्या बाया. कोणत्या कोपऱ्यात कोणतं तण वाढलं, कुठे पाणी साचतं, हे त्यांना मालकाआधी माहीत असतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत “मावशी, या वावरात यंदा काय वेगळं दिसते?” असं विचारून पाहा आणि मधे बोलू नका. पोरांनाही विचारा. हवामानाचा अंदाज मोबाइलवर कसा पाहायचा ते नातवाकडून शिकण्यात कमीपणा नाही. कृषी विज्ञान केंद्रात जाताना मात्र रोगट पान, कीड लागलेलं बोंड सोबत न्या. नुसत्या वर्णनावर नेमकं उत्तर मिळत नाही.

पायरी ६ : निर्णयाशिवाय बसा

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावानं अभ्यास गटाची रीत घातली. तिथे लोक एखादा विषय समजून घ्यायला बसतात, बाहेरच्या जाणत्यांनाही बोलावतात, वाट्टेल ते विचारतात. निर्णय तिथे होत नाही, तो ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीनं होतो. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे असं वर्षानुवर्षं बसणं होतं. अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवले की बोलताना कुणाची हार-जीत होत नाही. तुमच्या गावात पाच-सहा जणांनी पारावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. बचत गटाच्या बैठकीतला अर्धा तासही चालेल. एका बैठकीला एकच विषय घ्या आणि जे कधी बोलत नाहीत त्यांना आधी बोलू द्या.

पायरी ७ : गुढीपाडव्याला वही उघडा

सालगड्याशी सालाचं बोलणं याच सुमाराला होतं, तेव्हा वर्षाचे प्रश्नही काढा. उत्तर मिळालेल्यांपुढे उत्तर लिहा, राहिलेले नव्या पानावर घ्या. एखाद्या गोष्टीवर तुमचं मत बदललं असेल तर ते चारचौघांत सांगा : “मागच्या साली मी नाही म्हणत होतो, आता चार तासांत पाहिलं.” आणि सालगड्याला विचारा की वर्षभर या वावरात राबताना त्याच्या मनात काय आलं. त्यानं काही सुचवलं तर येत्या पेरणीत चार तास त्याच्या म्हणण्याप्रमाणे पेरा.