चर्चच्या तरुण संघात सिनेमावर बोलताना

कापूस वेचणीचे दिवस टळले की एखाद्या रविवारी उपासनेनंतर पोरांना बसवा. अख्खा सिनेमा नको. दहा मिनिटांचा एकच प्रसंग पुरे. तो आधीच मोबाइलवर उतरवून ठेवा, गावात रेंजचा भरवसा नसतो. सुरुवात पात्रापासून करा: ‘ती घरी खोटं का बोलली असेल?’ थेट ‘तू काय केलं असतंस?’ म्हटलं की मात्र पोरं गप्प होतात. मुलींना बिननावाच्या चिठ्ठ्या द्या, खरे प्रश्न तिथेच येतात. पारख करायला सांगणारं बायबलमधलं वचन, १ थेस्सलनी ५:२१, अगदी शेवटी उघडा.

अठराखालच्या कुणी लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर मात्र ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन मोफत आहे. नंबर फळ्यावर लिहूनच ठेवा.