बाळ चावत नाही, नुसतं गिळतं? या चुका टाळा

दहा महिन्यांची पोर, चार दात आलेले, आणि भाताचं एक शीत जिभेला लागलं की लगेच ओकारी. माझ्या थोरलीचं असं होतं. तेव्हा आम्ही अमळनेरला होतो. सासूबाई तिला मांडीवर आडवं घेऊन बोंडल्याने पेज पाजायच्या आणि मी खिचडी मिक्सरला फिरवून वर गाळून द्यायचे. पोट भरत होतं, वजनही वाढत होतं, त्यामुळे कुणालाच काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या काकू तर बजावायच्या, "जाड नको देऊ, गयामा अटकी जाई ना माय!" म्हणजे गळ्यात अडकेल. त्या भीतीपायी आम्ही तिला चावायला काही दिलंच नाही. धाकट्याच्या वेळी पद्धत बदलली आणि तो वर्षाचा व्हायच्या आत भाकरीचा काला खायला लागला.

दात यायची वाट पाहणं

सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक हीच. पुढचे दात तुकडा तोडतात, घास चावतात त्या दाढा. पहिल्या दाढा साधारण 13 ते 19 महिन्यांत येतात. तोवर सगळं काम हिरड्यांचं. हात स्वच्छ धुऊन करंगळी बाळाच्या मागच्या हिरड्यांमध्ये ठेवून पाहा, त्या किती जोरात दाबतात ते कळेल.

चोखणं बाळ जन्मतः जाणतं, चावणं मात्र त्याला शिकावं लागतं. घास जिभेने बाजूला सारायचा, हिरडीखाली दाबायचा, परत गोळा करून मागे न्यायचा, ही सगळी कसरत सरावानेच जमते. सरावाचा काळ म्हणजे सहाव्या महिन्यापासून नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंतचा. दहा महिन्यांपर्यंत तोंडाला कणही लागला नाही, तर पुढे खाण्याच्या तक्रारी जास्त दिसतात.

म्हणून सहा महिने पूर्ण झाले की घोटलेलं पण दाटसर द्या, इतकं दाट की चमचा तिरपा केला तरी ओघळू नये. पुढच्या तीन-चार आठवड्यांत मिक्सर बंद. वाटीच्या बुडाने किंवा बोटांनी कुस्करा, बारीक गुठळ्या राहू द्या. आठव्या महिन्याच्या आसपास हातात धरता येतील असे मऊ तुकडे, आणि वर्षाचं झाल्यावर घरात शिजतं तेच, बिनतिखट. आज गाळलेली पेज आणि उद्या एकदम भाताची शितं, अशी उडी मारायला लावलीत तर बाळ तोंड फिरवणारच.

पातळ वरणात भात

"एवढा मऊ भात दिला, तरी ओकतो" ही तक्रार मी खूप ऐकते. वाटीत डोकावलं की कारण दिसतं. पातळ वरण आणि त्यात तरंगणारी शितं. आपल्याला हे सगळ्यात सोपं वाटतं, पण बाळाला तेच अवघड जातं. पाणी लगेच घशाकडे पळतं आणि शितं जिभेवर मागे राहतात, म्हणजे एकाच घासात गिळायचंही आणि चावायचंही. त्यापेक्षा भात आणि घट्ट वरण तूप घालून एकजीव कुस्करा. सगळा घास सारखा लागला की बाळाला तो सांभाळता येतो.

बट्टीचंही तसंच. कोरडा तुकडा हातात देऊ नका. बारीक चुरून घट्ट वरणात पाच-दहा मिनिटं भिजवा. भाकरीचा वरचा पापुद्रा टाळ्याला चिकटतो, तो काढून आतला मऊ भाग कुस्करा.

ओकारी आली की खाणं बंद

लहान बाळाची ओकारीची जागा जिभेवर बरीच पुढे असते, म्हणून सुरुवातीला थोड्याशा कणानेही उबळ येते. चेहरा लाल होतो, जीभ बाहेर येते, खोकल्याचा आवाज होतो आणि घास पुढे येतो. ही शरीराची राखण आहे. अशा वेळी शांत बसा. आरडाओरड केलीत, झटकन उचललंत, तर बाळ घासालाच घाबरायला शिकतं.

गुदमरणं वेगळं. आवाज बंद, रडता येत नाही, ओठ निळसर. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या बुडाने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, हे आलटून पालटून. दिसत नसलेला घास काढायला बोट घालू नका, तो आणखी आत जातो. दुसऱ्या कुणाला तरी लगेच 108 ला फोन लावायला सांगा. हे आधीच कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून ठेवा.

फुटाणे, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, बोरं, कच्चं गाजर, सफरचंदाची कडक फोड, आणि आपल्या घरात डबाभर असलेली जाड शेव, यातलं काहीही बाळाच्या हाती लागू देऊ नका. शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट खिचडीत चालतं.

हातात काही न देणं

रावेर-यावलच्या केळीच्या मुलखात राहून हा प्रश्न पडायला नको. पिकलेलं केळं सोला आणि टोकाशी बोट हलकेच दाबा, ते आपोआप उभ्या तीन फाकांत सुटतं. एक फाक बाळाच्या मुठीत द्या. निसटत असेल तर भाजलेल्या नाचणीच्या पिठात घोळवा. बाळ ती तोंडाच्या मधोमध कोंबत असेल, तर हात धरून गालाच्या बाजूला वळवा. हिरडीला लागताच जबडा आपसूक हलू लागतो, हे बघण्यासारखं असतं. भरताचं वांगं भाजलं की मिरची-मीठ घालण्याआधी थोडा गर बाजूला काढा. वाफवलेला लाल भोपळाही छान.

बारीकसारीक, पण महत्त्वाचं

आडवं झोपवून भरवू नका, पाठ टेकवून ताठ बसवा. चमचा वरच्या हिरडीला पुसून घास आत ओतू नका, बाळाला ओठ मिटून तो ओढून घेऊ द्या. मोबाईल दाखवून भरवलेलं बाळ न चावताच गिळतं. चहात बुडवलेलं बिस्किट म्हणजे चावणं नाही आणि पोषणही नाही. वर्षाच्या आत मीठ-साखर नको, मध तर अजिबात नको. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी मोठ्यांनाही घास जात नाही, तेव्हा नवा पदार्थ सकाळी लवकर द्या.

घास गालात धरून ठेवत असेल तर छोटा घास द्या आणि तोंड रिकामं होईपर्यंत दुसरा देऊ नका. समोर बसून स्वतः तोंड उघडं ठेवून मोठ्याने चावून दाखवा. अंगावरचं दूध चालूच ठेवा, फक्त जेवणाच्या अगदी आधी नको.

वर्ष उलटूनही बाळ फक्त पातळच घेत असेल, प्रत्येक घासाला ठसका लागत असेल, खाल्लेलं नाकातून येत असेल किंवा वजन अडलं असेल, तर घरचे उपाय थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना बाळ जेवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात ते बहुतेक वेळा तोंडच उघडत नाही.