पाठीला पाठ लावून

कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे जोडीदाराच्या स्पर्शातून, आधी न ठरवता सुचत जाणारा नाच, नर्तक स्टीव्ह पॅक्स्टनने १९७२ साली अमेरिकेत सुरू केला. तो जिम्नॅस्टिक्स आणि ऐकिदो ही जपानी युद्धकला शिकलेला, म्हणून यात पडायलाही शिकवतात.

आधी पाच मिनिटं नुसते उभे राहा. गुडघे सैल, डोळे मिटलेले. मग कळतं, आपण स्थिर नसतोच. घोटे, पायाची बोटं सारखी सावरत असतात. पॅक्स्टन याला ‘छोटा नाच’ म्हणायचा. माझा डावा अंगठा जमिनीला नीट टेकतच नाही, हे मला चाळिशीत कळलं!

आता जोडीदाराच्या पाठीला पाठ लावा. ढकलायचं नाही, रेलायचं. दोघांनी पाय थोडे पुढे घेतले की वजन आपोआप मधोमध येतं. स्पर्शाची जागा हळूहळू सरकू द्या: कंबरेवरून खांद्याच्या पात्यावर, तिथून दंडावर. पुढचं काही ठरवू नका. मी पहिल्यांदा मनात गिरकी ठरवली, आणि जोडीदारणीचं कोपर बसून बरगडी दोन दिवस ठणकत होती.

कुणाचं वजन घ्यायचं तर कंबरेच्या हाडावर घ्या, मनगटावर नको. अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा. नको वाटलं तर सरळ बाजूला व्हा, कारण द्यावं लागत नाही. आणि गुळगुळीत फरशीवर मोजे घालून येऊ नका.