म्हादईच्या खोऱ्यात सरासरी पाऊस किती, ते घरबसल्या काढायचं कसं

पणजीचा पाऊस बघून म्हादई नदीला (गोव्यात खाली हीच मांडवी) किती पाणी येईल ते सांगणारे खूप भेटतात, पण नदी भरते ती वर, सत्तरी तालुक्यात आणि घाटात, आणि उगम तर पार कर्नाटकात खानापूर तालुक्यात आहे. म्हणून आकडे गोळा करण्याआधी पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथला पाऊस वाहत या नदीत येतो तो सगळा भाग, आखून घ्या.

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात एसआरटीएमचा ३० मीटरचा डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) घाला, त्यातले खोटे खड्डे बुजवा, मग फ्लो डायरेक्शन (पाणी कुठल्या दिशेला वाहतं), फ्लो अॅक्युम्युलेशन (कुठे किती पाणी जमतं), आणि शेवटी जिथपर्यंतचं खोरं हवं तिथे आउटलेटचा, म्हणजे पाणी खोऱ्याबाहेर पडतं तिथला, पॉइंट. हा पॉइंट नदीच्या रेषेवर नेमका बसला पाहिजे. माझा पहिल्यांदा जरा बाजूला पडला आणि म्हादईच्या जागी कुठल्यातरी ओहोळाचं खोरं मिळालं, तासभर कळेचना चुकलं काय. आउटलेट गांजेला घेतलात तर फक्त वरचं खोरं येतं, पणजीला घेतलात तर खांडेपार, वाळवंटी या उपनद्या सगळ्या आत येतात, म्हणजे उत्तरही वेगळं येणार. आणि हो, राज्याच्या सीमेवर नकाशा कापू नका, पावसाला चेकपोस्ट नसतं. शापोरा नदीचं करत असाल तर तिळारी नदीमुळे महाराष्ट्रातलं दोडामार्गही धरावं लागेल.

आता पाऊस. हवामान खात्याचा ग्रिड डेटा (नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाला पावसाचा एकेक आकडा) १९०१ पासूनचा मिळतो, पण चौकोन ०.२५ अंशाचा, म्हणजे साधारण २७ किमी, आणि अख्खं म्हादईचं खोरं जेमतेम २००० चौ. किमी, म्हणजे तीनेक चौकोनांएवढंच. घाटमाथा आणि खालचं गाव एकाच चौकोनात! चर्प्स (CHIRPS) या सॅटेलाइटवर आधारित पावसाच्या डेटाचे चौकोन ०.०५ अंशाचे आहेत, १९८१ पासून, बारीक आहेत खरे, पण सॅटेलाइटवाले आकडे घाटातला पाऊस बऱ्याचदा कमी दाखवतात, त्यामुळे वाळपईसारख्या पर्जन्यमापक स्टेशनच्या मापाशी ताडून बघाच.

किमान ३० वर्षं घ्या, सध्या १९९१ ते २०२० चालतं. आधी प्रत्येक वर्षाची बेरीज, मग सरासरी. रिकामी नोंद म्हणजे शून्य पाऊस नव्हे, आणि -९९९ दिसलं तर ते डेटा नाही म्हणून आहे, तसंच बेरजेत गेलं तर वाट लागली. रोजचा आकडा सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी ८:३० चा असतो, दोन ठिकाणचे जुळवताना तारीख एक दिवस मागेपुढे होते.

सरासरी क्षेत्रफळाच्या वजनाने काढायची. समजा खालच्या १५०० चौ. किमीवर ३५०० मिमी आणि घाटाच्या ५०० वर ५००० मिमी, तर सरळ सरासरी ४२५० येते, बरोबर उत्तर ३८७५. फरक ३७५ मिमीचा, आणि २००० चौ. किमीवर १ मिमी म्हणजे २० लाख घनमीटर पाणी, करा हिशेब. स्टेशनं मोजकीच असतील तर थिसेन पॉलिगॉन (प्रत्येक स्टेशनला त्याच्या सर्वांत जवळचा भाग देणारे तुकडे) करा, पण घाटात मापकं विरळ, तिथे समपर्जन्य रेषा (सारखा पाऊस पडणारी ठिकाणं जोडणाऱ्या) हाताने काढलेल्या बऱ्या, चढ कुठे आहे ते आपल्याला दिसतं, पॉलिगॉनला दिसत नाही.