डिझायनर कोलॅबचे हाय-टॉप स्नीकर: घेताना आणि घालताना काय बघायचं

कोलॅबचे, म्हणजे डिझायनर आणि बूट कंपनीने मिळून काढलेले, घोटा झाकणारे हाय-टॉप घ्यायचं मनात आलं की लोक आधी तारीख शोधायला लागतात, ड्रॉ (कुणाला जोड मिळणार याची सोडत) कधी आहे, कुठल्या ॲपवर आहे, किती जोड येणारेत वगैरे. माझं म्हणणं, त्याआधी मूळ बूट बघा. डिझायनर अगदी नवीन बूट क्वचितच बनवतो, बहुतेक वेळा जुनं मॉडेल घेतो आणि त्याच्यावर काम करतो. नाइकीचा एअर जॉर्डन वन १९८५ चा, कॉन्व्हर्सच्या चक टेलरचं मूळ तर १९१७ चं, आणि तुमची बोटं दाबली जाणार की टाच सुटणार हे त्या जुन्या साच्यावर ठरतं, बाजूला कुणाचं नाव छापलंय त्याचा पायाला काही फरक पडत नाही. म्हणून त्याच मॉडेलचा साधा जोड दुकानात जाऊन घालून बघा, दोन्ही पायांत, शक्यतो संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय जरा सुजतात. लेस बांधून चाला, जिना असेल तर चढा-उतरा. हाय-टॉपमध्ये टाच थोडीशी उचलली गेली तरी वरची कॉलर घोट्याला घासते आणि तासाभरात कातडं लाल होतं, तेव्हा हे दुकानातच कळलेलं बरं.

साइझमध्ये एक घोळ नेहमी होतो. नाइकीचा यूके ८ म्हणजे यूएस ९, पण आदिदासचा यूके ८ म्हणजे यूएस ८.५, त्यामुळे "माझा आठ नंबर" एवढ्यावर ऑर्डर टाकू नका. लेसखालच्या जिभेच्या मागे किंवा आत जे लेबल असतं त्यावर सेंटिमीटरचा किंवा मिलिमीटरचा आकडा असतो, त्याच कंपनीचा नीट बसणारा बूट घरात असेल तर त्याच्यावरचा आकडा बघा आणि तोच मागा. चक साधारण मोठा येतो, बरेच जण अर्धा नंबर खाली घेतात. जॉर्डन वन बहुतेकांना नेहमीच्याच नंबरला बसतो, चवडा रुंद असेल तर अर्धा वर.

आता कुठला घ्यायचा. मला विचाराल तर डिझायनरने त्या बुटाचं नेमकं काय केलंय हे तुम्हाला हातात घेऊन दाखवता आलं पाहिजे, नुसता लोगो चिकटवलेला असेल तर जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही. डिझायनर व्हर्जिल ॲब्लोने २०१७ मध्ये आपल्या ऑफ-व्हाइट या ब्रँडकडून नाइकीचे दहा बूट केले, त्यातला जॉर्डन वन बघा, जिभेचा फोम उघडा ठेवलाय, स्वूश (नाइकीची बाकदार खूण) वरून टाके घातल्यासारखा जोडलाय, आतल्या बाजूला मजकूर छापलाय, म्हणजे बूट कसा बनतो तेच बाहेरून दिसावं असं केलंय. त्याच दहांतला चक (कॉन्व्हर्स नाइकीच्याच मालकीची) आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकचा, दिसतो भारी पण कॅनव्हाससारखी हवा खेळत नाही, पाय घामेजतो आणि मोजाही बाहेरून दिसतो, म्हणजे तो घ्यायचा तर मोजे निवडूनच घालावे लागतात. साकाई या जपानी ब्रँडने २०१९ च्या नाइकी ब्लेझरला दोन जिभा आणि दोन स्वूश दिले.

आणि माझा सगळ्यात आवडता म्हणजे मेझाँ मार्जिएला या फॅशन हाउसने २०१३ मध्ये केलेला कॉन्व्हर्स. अख्खा बूट, लेसच्या भोकांसकट, पांढऱ्या रंगाने हाताने रंगवलेला. घालत गेलात की पाय वळतो तिथे रंगाला तडे जातात, पापुद्रे सुटतात आणि खालचा मूळ रंग वर येतो. म्हणजे तो बूट घातल्याशिवाय पुराच होत नाही, खोक्यात ठेवला तर डिझाइनचा अर्धा भाग तुम्ही कधी बघणारच नाही. कोलॅबकडे असंच बघावं असं मला मनापासून वाटतं.

पहिलाच जोड असेल तर कॉम दे गार्सों प्ले या जपानी ब्रँडचा चक ७० घ्या. ज्याच्यावर डोळेवालं हृदय आहे तो. फिलिप पगोव्स्की या कलाकाराने काढलेलं ते चित्र आहे, बूट वर्षानुवर्षं येत राहिलाय त्यामुळे ड्रॉमध्ये नशीब काढायची फारशी वेळ येत नाही, आणि चक ७० चं कापड साध्या चकपेक्षा जाड, आतली गादीही जास्त बरी.

मर्यादित जोडांचं गणित वेगळं. डिओरच्या २०२० च्या जॉर्डनसाठी जवळपास ५० लाख लोकांनी नाव नोंदवल्याच्या बातम्या होत्या, तेव्हा ड्रॉ लागला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, नाव टाकायला पैसे लागत नसतील तर टाका आणि विसरून जा. ॲपवर पत्ता, कार्ड, साइझ आधीच भरून ठेवा, ऐनवेळी ओटीपी शोधत बसलात की गेलं. रिसेलला, म्हणजे आधी कुणी घेतलेला जोड त्याच्याकडून विकत घ्यायला, जायचं तर पहिल्या आठवड्यात घाई करू नका, सगळ्यांना जोड पोचले की बऱ्याचदा भाव थोडा उतरतो. नेहमीच उतरतो असं नाही, पण आपण किती देणार तो आकडा आधी ठरवा आणि त्याच्या वर जाऊ नका, परदेशातून मागवताय तर कस्टम ड्यूटी आणि कुरिअर धरूनच तो आकडा काढा.

कुणा माणसाकडून थेट घेताय तर आजची तारीख चिठ्ठीवर लिहून ती बुटाशेजारी ठेवून फोटो मागवा. टाळाटाळ केली तर सोडून द्या. मग आतलं लेबल आणि खोक्यावरचं लेबल शेजारी धरा, नाइकीच्या बुटांवर स्टाइल कोड असतो, सहा अक्षर-आकडे, डॅश आणि पुढे तीन आकडे, तो दोन्हीकडे तंतोतंत तोच हवा, आणि तोच कोड नेटवर शोधला तर हाच रंग यायला हवा. टाचेकडून दोन्ही बूट शेजारी ठेवून उंची आणि आकार बघा, टाके मोजल्यासारखे सारखे हवेत, सोलच्या कडेला गोंद ओघळलेला नको. खोकं उघडल्याबरोबर गोंदाचा उग्र भपकारा आला तर शंका घ्या. पण एक लक्षात ठेवा, आजकाल फर्स्ट कॉपीवाल्यांचं लेबलसुद्धा बरोबर असतं, म्हणून मोठी रक्कम असेल तर तपासून देणाऱ्या प्लॅटफॉर्मवरूनच घ्या.

घालायचं म्हणाल तर मोजा कॉलरच्या वर यायला हवा, घोट्याखालचे छोटे मोजे हाय-टॉपला चालत नाहीत, कॉलरची कड थेट कातड्यावर येते. लेस खालून वर नीट ओवा, चवड्यावर सैल, घोट्याच्या वळणाशी घट्ट, आणि वरची एक-दोन भोकं रिकामी सोडा, म्हणजे घोटा वाकतो, जीभ आपसूक पुढे येते आणि पँट तिच्यामागे छान बसते. पाय घालताना लेस पूर्ण सैल करा, टाच दाबून पाय कोंबू नका, मागचा ताठ भाग एकदा मोडला की परत उभा राहत नाही. पहिल्यांदा घरातच तास-दोन तास घाला, कातडी जॉर्डन सुरुवातीला कडक असतो, मग मऊ पडतो.

पँट निमुळती हवी किंवा सरळ कापाची, कॉलरच्या वर जरा चुण्या पडल्या तरी चालतं, पण पूर्ण बूट झाकणारी घेतलीत तर हाय-टॉप कशाला घेतला. हाफ पँटवर पाय आखूड दिसतात, उंची कमी असेल तर मोज्याचा रंग बुटाच्याच जवळचा ठेवा. बूट बोलका असेल तर बाकी कपडे साधे, एका वेळी एकच कोलॅब अंगावर पुरे. ऑफ-व्हाइटचा लाल झिपटाय, म्हणजे बुटाला अडकवलेली प्लास्टिकची पट्टी, ठेवायचा की कापायचा यावर लोक भांडतात, मी म्हणेन ठेवा, तो डिझाइनचाच भाग आहे, पँटच्या शिवणीत अडकत असेल तर शेपूट आत वळवा.

वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. कातडं ओल्या फडक्याने, स्वेड कोरड्या ब्रशने, कॅनव्हास मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने, आणि वाळवायचं सावलीत, उन्हात गोंद सुटतो आणि पांढरा सोल पिवळा पडतो. पावसात भिजला तर आत कागद कोंबा. आणि काही बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेन असतं, हवेतल्या दमटपणाने ते हळूहळू तुटत जातं, न वापरता दहा-पंधरा वर्षं खोक्यात ठेवलेला जोड पहिल्याच दिवशी पायाखाली भुसभुशीत होऊन निखळू शकतो, म्हणून महिन्यातून दोन-चारदा तरी बाहेर काढा आणि चालून या.