गाडीचे झिजलेले स्ट्रट घरच्या घरी कसे बदलावेत

बहुतेक छोट्या आणि मध्यम आकाराच्या मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन पद्धतीचे स्ट्रट असतात. यात शॉक अ‍ॅब्सॉर्बर, त्याच्याभोवतीची स्प्रिंग आणि वरचे रबरी माउंट अशी एकत्र उभी जुळणी असते. गाडीच्या त्या कोपऱ्याचे वजन तीच पेलते आणि स्टिअरिंग वळवले की चाकाबरोबर तीही फिरते. पान्हे सरावाने हाताळणाऱ्या माणसाला एका दिवसात दोन्ही बाजूंचे स्ट्रट बदलता येतात. मात्र जॅकवर उचललेली गाडी आणि दाबून ठेवलेली स्प्रिंग या दोन गोष्टींबाबत कोणतीही तडजोड चालत नाही.

स्ट्रट खरोखर गेले आहेत का, हे आधी पाहावे. नळीवर तेलाचा पुसट ओलावा असणे फारसे चिंतेचे नसते, पण तेल ओघळून त्यावर धुळीचा चिकट थर बसला असेल, तर आतले सील गेले आहे असे समजावे. टायरवरून तळहात फिरवल्यावर जागोजागी खळगे लागणे, ब्रेक दाबताच गाडीचे नाक खाली झुकणे, खड्ड्यातून बाहेर पडल्यावरही गाडी दोन-तीनदा डुलत राहणे ही झीज झाल्याची नेहमीची लक्षणे आहेत. नुसता खडखडाट ऐकू येत असेल, तर मात्र स्टॅबिलायझर लिंक, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या स्टॅबिलायझर बारला स्ट्रटशी जोडणारी छोटी दांडी, आधी तपासावी. तो आवाज बहुधा तिचा असतो आणि ती स्ट्रटपेक्षा पुष्कळ स्वस्तात बदलता येते.

स्ट्रट नेहमी जोडीने बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला स्ट्रट असला, की वळणावर आणि ब्रेक लावताना दोन्ही बाजू वेगवेगळ्या वागतात. बाजारात नुसता स्ट्रटही मिळतो आणि काही गाड्यांसाठी स्प्रिंग व माउंटसह जुळवलेला तयार संचही मिळतो. घरी पहिल्यांदाच काम करणाऱ्याने शक्यतो तयार संचच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो थोडा महाग पडतो, पण स्प्रिंग दाबण्याचा सगळा धोकादायक भाग त्यामुळे टळतो. नुसता स्ट्रट घेतल्यास वरचे माउंट, त्यातले बेअरिंग, बंप स्टॉप (स्ट्रट पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा रबरी ठोकळा) आणि धूळरोधक रबर हेही नवेच घ्यावे, कारण ते पुढे खराब झाले तर सगळे पुन्हा खोलावे लागते.

गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक लावावा आणि मागच्या चाकांना अडणी द्यावी. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मग पुढची बाजू उचलून ती भक्कम जॅक स्टँडवर टेकवावी, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे जिवावर बेतू शकते. पुढची दोन्ही चाके एकदम उचललेली असली, की स्टॅबिलायझर बारवरचा ताण उतरतो आणि लिंक सहज सुटते. गंजलेल्या नट-बोल्टवर गंज सैल करणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवले, तर कामाचा निम्मा त्रास वाचतो.

चाक काढल्यावर स्ट्रटला अडकवलेली ब्रेकची नळी आणि एबीएसची (ब्रेक लावताना चाक जखडू न देणाऱ्या यंत्रणेची) तार क्लिपमधून सोडवून बाजूला घ्यावी. लिंकचा नट फिरवताना तिचा दांडाही सोबत फिरू लागतो. त्याच्या टोकाला ॲलन कीचे (षटकोनी किल्लीचे) छिद्र असल्यास ॲलन की घालून दांडा स्थिर धरावा आणि नट पान्ह्याने सोडवावा.

आता चाकाचा नकल (चाकाचे हब ज्यावर बसते तो धातूचा भाग) आणि स्ट्रट यांना जोडणारे खालचे दोन जाड बोल्ट येतात. ते काढण्यापूर्वी बोल्टचे डोके, नकल आणि स्ट्रटचा कंगोरा यांवर रंगाने खूण करावी. कित्येक गाड्यांत यांपैकी एका बोल्टवरून चाकाचा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर किती कललेले आहे तो कोन, ठरतो, आणि तशा वेळी ही खूण पुढे फार कामी येते. या बोल्टांच्या मानेवर अनेकदा दाते असतात, म्हणून बोल्ट न फिरवता नटच फिरवावा आणि बोल्ट हातोडीने हलके ठोकून बाहेर काढावा. बोल्ट निघण्याआधी खालच्या आर्मला दुसऱ्या जॅकचा हलका आधार द्यावा आणि नकल तारेने बांधून ठेवावा. तो बाहेरच्या बाजूला कलंडला, तर ब्रेकची नळी ताणली जाते आणि ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) आतला सांधा निसटू शकतो.

मग बॉनेट उघडून स्ट्रटच्या माथ्यावरचे, कडेचे नट काढावेत. बऱ्याच गाड्यांत ते तीन असतात. मधोमध असलेल्या मोठ्या नटाला मात्र येथे अजिबात हात लावू नये. दाबलेल्या स्प्रिंगला तोच धरून ठेवतो, आणि तो सुटला तर स्प्रिंग कित्येकशे किलोच्या जोराने उसळते. शेवटचा नट काढताना मदतनिसाने खालून स्ट्रट पेलून धरावा.

तयार संच असेल, तर पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. स्प्रिंग बदलून लावायची असेल, तर चांगल्या प्रतीचा स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने आणावा किंवा एवढेच काम गॅरेजमधून करून घ्यावे.

कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना लावावेत आणि आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. चेहरा आणि शरीर स्प्रिंगच्या टोकांसमोर कधीही आणू नये. स्प्रिंग वरच्या बैठकीत हाताने सैल हलू लागली, की मगच मधला नट काढावा. नव्या स्ट्रटचा चकचकीत दांडा पकडीने धरू नये. त्यावर एक ओरखडा उठला, तरी तो सील फाडतो आणि तेल गळू लागते. दांडा फिरत असेल, तर त्याच्या टोकाला ॲलन की लावून धरावा. जुळवताना स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीतल्या पायरीला नीट टेकले आहे ना, हे डोळ्यांनी पाहून खात्री करावी, आणि मधला नट पूर्ण आवळल्यावरच कॉम्प्रेसर हळूहळू सोडावा.

नवा स्ट्रट उलट क्रमाने बसवावा. आधी माथ्यावरचे नट हातानेच दोन-तीन आटे फिरवावेत, मग नकल वर आणून खालचे बोल्ट घालावेत आणि केलेल्या खुणा जुळवून आवळावेत. त्यानंतर लिंक, ब्रेकची नळी आणि एबीएसची तार पूर्वीच्या मार्गाने बसवावी. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून ही नळी कुठे ताणली किंवा घासली जात नाही, हे पाहावे. प्रत्येक नटाचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा ते माप, गाडीच्या सेवापुस्तिकेत दिलेला असतो, तेवढाच टॉर्क रेंचने द्यावा. ज्या नट-बोल्टांबाबत पुस्तिका एकदाच वापरण्याची सूचना देते, ते नवेच घालावेत.

चाके लावून गाडी खाली उतरवल्यावर चाकांचे नट चांदणीच्या क्रमाने (शेजारचे नव्हे, तर समोरासमोरचे एकापाठोपाठ) टॉर्क रेंचने आवळावेत. पहिली चक्कर मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगाने मारावी. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नेहमीसारखे लागतात का आणि कुठे ठकठक ऐकू येते का, याकडे लक्ष द्यावे. खुणा अचूक जुळल्या असल्या, तरी व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवण्याचे काम) लवकरात लवकर करून घ्यावी. नव्या स्ट्रटच्या भोकांतला थोडासा फरकही चाकाचा कोन बदलतो आणि नवे टायर काही महिन्यांत एका कडेने खाऊन टाकतो. सुमारे ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर चाकांचे आणि माथ्यावरचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासावेत.